विद्यापीठाची रेल आणि कारभारीमामांची बस

मी एक जुनी गाडी आहे, असं सांगायला मला फार आवडलं असतं, मित्रांनो! पण मी नवीकोरी आहे. सीबीएस म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्थानकापासून सातपूरमार्गे विद्यापीठापर्यंत धावणारी लाइट रेल. पहिल्या दिवशी मला झेंडूच्या माळा घातल्या, लोकांनी माझ्यासोबत फोटो काढले. चार दिवस मी हवेतच होते.

मग शेजारच्या रस्त्याने खडखडत जाणारी जुनी सिटी बस दिसली आणि माझा जळफळाट सुरू झाला. तिचा पत्रा फाटलेला, एक खिडकी कायमची अडकलेली. तरी तिचे चालक म्हणजे सगळ्यांचे कारभारीमामा! कोणीही हात केला की ते थांबत. मी मात्र स्टेशनात वीस सेकंद थांबते आणि दार लावते.

सातपूरच्या अंगणवाडीत काम करणाऱ्या भिमाबाई पंचेचाळिसाव्या वर्षी बी. ए. करत होत्या. दर रविवारी विद्यापीठात वर्गाला जात. एकदाच त्या माझ्याकडे आल्या. त्यांनी पाय उचलला आणि माझं दार लागलं. तेव्हापासून त्या बसनेच जाऊ लागल्या. माझ्या गारेगार डब्यात सीट रिकामी, आणि त्या तिकडे उभ्याने! ही बस एकदाची बंद पडावी, असं मला वाटे. हो, खरंच वाटे.

आणि ती बंद पडली. नेमकी भिमाबाईंच्या शेवटच्या पेपरला, माझ्या स्टेशनाजवळच. मला केवढा आनंद झाला! तेवढ्यात हॉलतिकीट मुठीत धरून भिमाबाई पळत येताना दिसल्या. त्यांच्या पुढे कारभारीमामा हात हलवत धावत होते.

"ओ मॅडम, थांबा! बाईंचा पेपर हाय!"

वीस सेकंद संपले. पण माझी चालक संध्या हिने दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं.

"या मावशी, सावकाश चढा."

भिमाबाई माझ्या सीटवर बसल्या. माझ्या! मी ऐटीत निघाले. पण त्या काचेतून मागेच बघत होत्या.

"बिचारीला धक्का मारायला कोणी मिळंल का?" त्या पुटपुटल्या.

भिमाबाई पेपरला वेळेत पोचल्या. मी मात्र दिवसभर धुमसत राहिले.

मित्रांनो, माझ्या सीटा फाडू नका, काचांवर नावं कोरू नका. जपलंत तर मीही जुनी होईन. आणि एखाद्या दिवशी वाटेत बंद पडले, तर दुसऱ्या गाडीत बसल्यावर माझ्याकडे एकदा तरी मागे वळून बघाल ना?