खांद्यावरची दोन बोटं

नागेश चार वर्षं आदिलाबादजवळच्या बेल्याच्या बाजूला विजेच्या खांबांवर चढत होता. जूनमध्ये ताप आला, कान बिघडला, आणि तेव्हापासून डोळे मिटले की पायाखालची जमीन सरकायची. नागपूरच्या दवाखान्यात त्याला पट्टे बांधून हलत्या फळीवर उभं केलं. कॉम्प्युटरने छापून दिलं: डोळे मिटून सहा वेळा उभा केला, पाच वेळा तोल गेला.

कामावर परतायचा दाखला देणाऱ्या आदिलाबादच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला सारला. "मशीन काहीही छापतं. मी वीस वर्षं माणसं तपासतोय."

त्यांनी नागेशला डोळे मिटायला लावले, पडू नये म्हणून खांद्याला दोन बोटं लावली आणि घड्याळ पाहिलं. तीस सेकंद. नागेश हलला नाही.

"फिट. सोमवारपासून खांबावर."

दाराशी त्याची मोठी बहीण दीक्षा उभी होती. ती बेल्याला शाळेत शिकवते.

"पुन्हा करा," ती म्हणाली. "तुमी त्याले धरून राह्यले."

"धरलं कुठे? नुसती बोटं होती, मॅडम."

"मंग नुसती बोटं काढा. का खांबावर बी तुमीच संग चढसान?"

"ताई, जाऊ दे ना," नागेश पुटपुटला. "सायब चिडतीन."

"चिडू दे. तू पडशीन तवा झेलाले येतीन का ते?"

डॉक्टरांनी दोन्ही हात खिशात घातले. "हं. मीट डोळे."

चौथ्या सेकंदाला नागेश कपाटावर आदळला. दीक्षाने धावत येऊन त्याची कॉलर पकडली.

डॉक्टरांनी 'फिट' खोडलं, 'खांबावर चढण्यास अयोग्य' लिहिलं, सही केली. दीक्षाने कागद घेतला, पण ती जागची हलली नाही.

"मागच्या महिन्यात अमर आला होता. याच्याच संगचा, गाडीवरून पडून डोक्याले मार लागलेला. त्याले फिट लिहिलं तवा बी बोटं होती?"

"सगळ्यांनाच लावतो," डॉक्टर हळू म्हणाले. "पडू नयेत म्हणून."

"अमर आत्ता भीमपूरच्या लाइनवर खांबावर हाय."

"उद्या बोलावून घेतो त्याला."

"उद्या?" तिचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "नागेश, तुह्या सायबाले फोन लाव. डॉक्टरच बोलतीन."

फोन लागला. डॉक्टरांनी तो कानाला लावला. "अमरला खांबावरून खाली उतरवा. आत्ता."

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "काऊन सर? तुमीच तर फिट लिहून देलं."

डॉक्टरांनी फोनवर हात ठेवून दीक्षाकडे पाहिलं.

"सांगा," ती म्हणाली. "बोटांचं सांगा."