पेटी कोणाला दिली?

या, मित्रांनो, सतरंजीच्या या टोकाला सरका. आजच्या कीर्तनकारांचा फेटा अजून बांधून व्हायचा आहे आणि मृदंगाला कणीक लागायची आहे. तेवढ्या वेळात माझं छोटंसं निरूपण ऐकून घ्या. या कथेत चोर एकही नाही, पण चोर शोधणारे मात्र गावभर आहेत.

मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्या गावानं ते विचारलं नाही आणि त्यातूनच सगळं रामायण घडलं.

माझं अंग सागवानी, सूर पितळेचे. रिसोड-मालेगाव रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या भजनी मंडळानं घरटी पायली-पायली सोयाबीन गोळा केलं, ते रिसोडच्या बाजारात विकलं आणि मला घेतलं. त्यामुळं मी कोणा एकाची नव्हते. जो तो म्हणायचा, "माही पायली हाये यात." त्या वर्षी जन्मलेलेसुद्धा म्हणायचे!

मला वाजवायचे भिवाजीबुवा. त्यांना कमी ऐकू येई, पण सूर मात्र बरोबर ऐकू येत. काळी चारच्या पट्टीत त्यांनी बोट ठेवलं की कीर्तनकार महाराज डोळे मिटून घेत आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या बायका सावरून बसत. सप्ताहात आठ-आठ दिवस माझा भाता थांबत नसे. "पेटी बोलते बुवा तुमची," असं लोक म्हणत. तेव्हा मला वाटे, जन्म सार्थकी लागला.

पुढं मंडळानं विजेवर चालणारी पेटी आणली. एक बटण दाबलं की तबला, दुसरं दाबलं की बासरी! मी देवळाच्या कोठीत गेले. वरती फाटके पडदे, खाली पाण्याचं जुनं पिंप. दोन वर्षं मला कोणी उघडलं नाही. उंदरांनी भाता कुरतडला, दोन सूर मुके झाले. अंधारात पडून राहिलं की मन संशयी होतं, मित्रांनो. दार वाजलं की मला वाटे, आला भंगारवाला.

आणि एके दिवशी, भर दुपारी, सगळं गाव शेतात असताना दार खरंच वाजलं. आत आले भिवाजीबुवा. त्यांनी मागं वळून पाहिलं, माझ्यावर पोतं टाकलं आणि मला उचललं. मी मनात म्हटलं, ज्याच्या बोटांवर आयुष्य वाहिलं त्यानंच शेवटी विकलं! देवा, मी त्यांच्यावर संशय घेतला. पहिला संशय माझाच, हे मी लपवत नाही.

त्यांनी मला रिसोडला गोविंदसिंगकडे नेलं. हा वाद्यं दुरुस्त करणारा माणूस. त्यानं पोतं उचलून पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"बुवा, पोत्यात घालून आणली? चोरीची तं नाई?"

"चोरीची असती तं दुरुस्त कायले केली असती रे येड्या? मुकाट्यानं भाता बदल."

त्यानं भाता बदलला, सुरांच्या दोन पट्ट्याही नव्या घातल्या. चार दिवसांनी मी पुन्हा गाऊ लागले आणि बुवांनी मला थेट तुळसाबाईच्या घरी नेऊन ठेवलं.

तुळसाबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवते. नवरा वारलेला, एकच लेक, निकिता. या पोरीनं लहानपणी बुवांच्या मांडीशी बसून माझ्यावर बोटं फिरवलेली. आता तिला अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. जागा मिळाली, पण फी भरल्याशिवाय ती टिकणार नव्हती. सरकारी शिष्यवृत्ती यायची ती नंतर, आणि कॉलेजला पैसे हवे होते आधी. बँकेत गेली तर साहेब म्हणाला, हमीदार आणा. तुळसाबाई ज्याच्या दारात जाई त्याला नेमकं तेव्हाच बैलाला पाणी पाजायचं असे. रिसोडला एका दुकानदारानं सांगितलं, "दोन हजार द्या, मोबाइलवर आलेला नंबर सांगा, उद्या शिष्यवृत्ती जमा." निकिता उठूनच आली. "माय, त्याच्या दुकानाले पाटी नाई अन् त्याले माही जन्मतारीख कशी मालूम?" पोरगी हुशार, कोणावर संशय घ्यायचा ते तिला कळत होतं.

मग बुवांना एक वाट सापडली. अकोल्यात एक जुनं देऊळ आहे. तिथं रोज संध्याकाळी हरिपाठाला जो विद्यार्थी पेटीची साथ करील, त्याची वर्षाची फी देऊळ भरतं. अट एकच, पेटी स्वतःची हवी. बुवांनी मंडळाला विचारलं नाही, ही त्यांची चूक. त्यांना वाटलं, विचारलं तर वर्षभर चर्चाच होईल. आधी पोरीचा हात बसू द्यावा आणि एकादशीला कीर्तनानंतर सांगावं.

पण त्याआधी त्यांनी पानटपरीपाशी उभं राहून गोविंदसिंगला फोन केला. कमी ऐकू येणारा माणूस फोनवर ओरडूनच बोलतो. "पेटी देऊन टाकली तुळसाबाईच्या पोरीले! एकादशीपर्यंत गावात बोलू नको!"

टपरीवर मंडळाचे अध्यक्ष उकंडराव पान लावून घेत होते.

आता ऐका, मित्रांनो. निवडणुका आल्या की आमच्याकडं लाख रुपयांना 'पेटी' म्हणतात. आणि सप्ताहाची जमलेली वर्गणी, लाखाच्या आसपास, बुवांच्याच घरी स्टीलच्या डब्यात होती. उकंडरावांनी पान तोंडात घातलं, पण ते चावायचं विसरले.

दोन दिवसांत गाव बदललं. कोठीला नवं कुलूप लागलं. पण आत काय आहे, काय नाही, हे कोणी पाहिलं नाही. टाळ मोजले गेले. तुळसाबाई हापशावर आली की बायकांचं बोलणं थांबे. कोणी म्हणे, "लेकराले शिकवाले पैसा कुठून आला व बाई?" कोणी म्हणे, "देव पावला असन." आणि हसू. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून निकिता दार लावून माझा भाता हळू ओढी. लोकांना तेवढंच पुरलं. दार लावून नोटा मोजून राह्यल्या!

त्यातच अकोल्याच्या देवळाच्या कारभाऱ्यांनी चौकशीसाठी उकंडरावांना फोन केला. उकंडराव म्हणाले, "पोरगी गुणाची हाये, पण पेटीचा मामला हाये. चौकशी चालू हाये." कारभारी बिचारे पेटीला पेटीच समजले. त्यांनी बुवांना कळवलं, "पेटीचा वाद असेल तर जागा दुसऱ्याला जाईल. शनिवारपर्यंत सांगा." फीची मुदतही शनिवारचीच.

गुरुवारी एकादशी होती. कीर्तन झालं, प्रसाद वाटला आणि उकंडराव उभे राहिले. पुढं काय झालं ते मी अंगणाच्या भिंतीपलीकडून ऐकलं, कारण तुळसाबाईचं घर देवळाला लागूनच.

"बुवा, पेटी दिली म्हनते. खरं हाये का?"

"दिली."

"कोनाले इचारून?"

"कोठीत पडून होती दोन वर्षं. उंदरं खाऊन राह्यले होते."

"पडून होती म्हनून देऊन टाकाची? देवाची होती ते!"

"देवाची होती म्हनूनच दिली. देव काय सोता बसून वाजवते?"

"वाजवते?" उकंडराव गोंधळले.

"अन् तशीच नाई दिली. रिसोडले नेली, साफ केली, दोन बदलून घेतल्या."

मागून कोणीतरी ओरडलं, "फाटक्या नोटा होत्या काय बुवा?"

लोक हसले. बुवांचं हसू त्यात नव्हतं. "नोटा? कायच्या नोटा?"

त्या वेळी तुळसाबाई देवळातून उठून घरात आली. तिनं मला डोक्यावरच्या चुंबळीवर घेतलं, देवळात नेलं आणि बरोबर मधोमध ठेवलं.

"हे घ्या तुमची पेटी. माही पोरगी माह्यासारखी खिचडी शिजवीन, पन चोराची म्हनून शिकनार नाई."

मग एक म्हातारी पुटपुटली, "अगं माय! हे पेटी!"

बुवांना आता सगळं उमगलं. ते तडक घरी गेले, स्टीलचा डबा घेऊन आले आणि उकंडरावांच्या पायाशी ठेवला.

"मोजा."

"राहू द्या बुवा, चूक झाली..."

"मोजा म्हनलं ना. मोजल्याबिगर कोनी उठाचं नाई."

उकंडरावांनी मोजलं. रक्कम पैशाला पैसा बरोबर निघाली. त्यांनी तिथल्या तिथं अकोल्याला फोन लावला. "पेटीचा मामला मिटला. पेटी मंडळाची हाये, अन् मंडळानं पोरीले देली." मग तुळसाबाईकडं न पाहताच म्हणाले, "वैनी, माही चूक झाली."

निकिताची फी भरली गेली. मी तिच्यासोबत इथं, अकोल्याच्या या देवळात आले. आज तिसरं वर्ष आहे. रोज संध्याकाळी ती कॉलेजातून येते, हात धुते आणि माझा भाता उघडते. तुमच्यापैकी ज्यांना ती 'सा' धरायला शिकवते, त्यांना हे माहीत आहेच.

मित्रांनो, वाद्याला ओल लागली की सूर बिघडतो. ते झाकून ठेवा, पण कोठीत टाकून देऊ नका. आणि ऐकलेल्या शब्दाला अर्थ लावण्याआधी सांगणाऱ्याच्या दारी जाऊन एकदा विचारून या. विचारायला पैसे पडत नाहीत.

निकिता सांगत होती, भिवाजीबुवा त्या एकादशीनंतर मंडळात बसले नाहीत. उकंडराव दोनदा घरी गेले, तर "पाय दुखते" म्हणाले. गावातल्या कीर्तनाला जातात, पण शेवटच्या खांबापाशी बसतात, आणि त्यांची बोटं मांडीवर चालत असतात.

मृदंग लागला बघा. आता तुम्ही टाळ घ्याल. पहिला गजर कराल तेव्हा एवढंच करा, लेकरांनो. मनात एकदा भिवाजीबुवांचं नाव घ्या.