शवागारातली इस्त्रीवाली

"काल तू मागच्या जिन्यात सात वेळा गेलीस!" डोळे मिटून अंतर्यामी महाराज गरजले, आणि रुग्णालयाच्या तळघरातली आमची अख्खी लाँड्री हात जोडून उभी राहिली.

हे ध्यान आमच्या मॅनेजरसाहेबांनी आणलेलं. कामगारांच्या मनःशांतीसाठी म्हणे! कोण कुठे किती वेळ होतं, ते अंतर्यामी मिनिटासकट सांगायचे. बाहेरचा आवाज नको म्हणून कानात कापसाचे बोळे. "आत्म्याला भिंती नसतात, लेकरांनो! संडासालाही नसतात!" हे ऐकल्यापासून मशीनवाल्याने पाणी पिणंच सोडलं होतं.

सात वेळा गेलेली ती माझी नणंद, इस्त्रीवाली. "हिच्या मनात चोर आहे," अंतर्यामी म्हणाले. साहेबांनी बजावलं, उद्याही असंच निघालं तर कामावरून कमी. बिचारी रडायलाच लागली. "वहिनी, अण्णांना फोन करायला जाते गं. गॅस चालू ठेवून विसरतात. हे काय चारचौघांत सांगू?" अण्णा म्हणजे माझे सासरे.

माझं डोकंच फिरलं. मी इथे उसवलेलं शिवते. तिच्या नव्या अ‍ॅप्रनची पट्टी चाचपली, तर बोटाला चिप लागली. अशाच चिपा मी चादरींना शिवते. प्रत्येक दारावरची पेटी रेडिओलहरींनी चिपेचा नंबर ओळखते, आणि कोणती चादर कुठे गेली ते साहेबांच्या कॉम्प्युटरवर उमटतं. अ‍ॅप्रन मात्र साहेबांनी बाहेरून शिवून आणले होते. मी ती चिप उसवली आणि शवागाराला निघालेल्या चादरीला टाचली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी. मी विचारलं, "महाराज, आमची इस्त्रीवाली आत्ता कुठे आहे हो?"

अंतर्यामींनी मिटल्या डोळ्यांनी मान डोलावली. "शवागारात! कालपासून तिथेच आहे!"

नणंद त्यांच्या पुढ्यातच उभी. "अहो, जिवंत आहे मी!"

मी पुढे होऊन त्यांच्या कानातला बोळा उपटला. आत इवलासा स्पीकर, आणि त्यातून साहेबांचा आवाज: "शवागारच! ठासून सांगा!"

मग जो गोंधळ उडाला, विचारू नका. साहेब केबिनमधून आले, तोंड एवढंसं. "चिपांमुळे चादरी हरवायच्या थांबल्या की नाही?" थांबल्या होत्या, खोटं कशाला बोलू? बॉयलरवाला म्हणाला, "आग लागली तर आत कोण अडकलंय, ते कळायला मला चिप हवीच."

"मग बॉयलरपाशी लावा," नणंद म्हणाली, "पण आम्हाला विचारून. आणि काय नोंदलं जातं ते आम्हालाही दाखवा. चादर हरवते, तिला शोधा. मी हरवलेली नाही."

 नणंदेची नोकरी राहिली, अंतर्यामी मागच्या जिन्याने पसार झाले.

जाता जाता घड्या घालणारी मावशी दारावरच्या पेटीला हात जोडून उभी. "कसं गं हिला सगळं कळतं!"

मी तिचे हात खाली केले. "मावशी, नमस्कार कसला करता? तिच्यामागे कोण बसलंय, ते विचारा."