रंगाऱ्याच्या बायकोची सही

रंगारी शिडीवरून डोक्यावर पडला. हातातल्या ब्रशला मात्र ओरखडाही आला नाही. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूला सूज चढतेय. एका औषधाची चाचणी चालू आहे. बाईच्या अंगात असतं ते संप्रेरक, गरोदरपणी तर भरपूर. त्यानं मेंदू वाचतो का, ते बघतोय. गुण येईलच असं नाही. कुणाला औषध मिळतं, कुणाला नुसतं पाणी, आम्हालाही कळत नाही. पण पडल्यापासून चार तासांच्या आत द्यायला हवं. साडेतीन तास होऊन गेले होते.

"पुरुषाला बायकांचं औषध?" रंगाऱ्याचा काका ताडकन उठला. "मिशा गळतील त्याच्या!"

"गळू देत," रंगाऱ्याची आई म्हणाली. "तुमच्या मिशांनी काय उजेड पाडलाय? नऊ महिने माझ्या पोटात त्यातच मुरलाय तो. तेव्हा नाही बाई झाला, आता होतोय!"

काका बसला. त्या घरात लग्नांपासून पडद्यांच्या रंगापर्यंत सगळं आईच ठरवायची. तिनं कागद ओढला आणि दुसरीपर्यंत शिकलेल्या हातानं, जीभ दातांत धरून सही ठोकली. पाच मिनिटं लागली.

"आजी, ही चालत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बायको हजर असताना बायकोचीच लागते."

"जन्म मी दिला, आणि सही हिची?"

नवा कागद आला. अकरा वर्षं भाजीत मीठसुद्धा विचारून घालणाऱ्या सुनेनं सवयीनं सासूकडे पाहिलं. "आई, करू?"

"कर" ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. "त्यांच्या सांगण्यावरून केलीत तर मला घेता येणार नाही. तुमचं मत हवं."

वीस मिनिटं उरली होती. आईनं पेन सुनेच्या हातात दिलं. "नवरा तुझा आहे. तुला पटेल ते कर. मी काही बोलत नाही."

आणि खरंच बोलली नाही. हिच्याही मेंदूला काही झालं की काय, म्हणून काका घाबरला.

सुनेनं कागद वाचला, दोन्ही बाजूंनी. एक शंका विचारली, मग दुसरी. आई घड्याळाकडे बघत ओठ चावत राहिली. सहा मिनिटं उरली असताना सुनेनं सही केली. बाटली लागली.

"औषध आहे की पाणी?" आईनं हळूच विचारलं.

"ते कुणालाच माहीत नाही," सून म्हणाली. "आणि तुम्ही इथे उभ्या राहू नका, नर्सला जागा लागते."

आई बाहेर आली.

"सुनेनं हाकललं वाटतं!" काका हसला.

"हळू बोला," आई म्हणाली. "तिला ऐकू जाईल."