बेकरीचं वळण

वर्षातून एका रविवारी शहरातले सहा किलोमीटरचे रस्ते मोटरसायकलींच्या शर्यतीसाठी बंद व्हायचे. एरवी ज्या कोपऱ्यावर लोक पावासाठी रांग लावत, तिथे बेकरीच्या भिंतीला पेंढ्याचे गठ्ठे बांधले जात आणि त्यांच्या आडोशाला पिवळं निशाण घेऊन टर्नर उभा राहायचा. हा कारखान्यात लेथ चालवणारा माणूस, म्हणून सगळे त्याला टर्नरच म्हणत. स्वतः कधी शर्यतीत उतरला नव्हता. पण धाकट्या बहिणीला गाडी शिकवली ती त्यानेच. "या पापाचा धनी मीच," असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि सांगताना जरा फुशारायचाही. बहिणीला घरात भिंगरी म्हणत, ते काही उगाच नव्हतं.

त्या रविवारी भिंगरी तिसरी होती. तिच्या पुढे भूगोलाचे मास्तर. बेचाळिशीचा शांत माणूस, वर्गात कधी आवाज चढवायचा नाही. कुठल्या वळणावर ब्रेक कुठे लावायचा, हे त्यांनीच भिंगरीला रस्त्यावर खडूने रेघा मारून समजावलं होतं.

पाचव्या फेरीत मास्तरांचं मागचं चाक सरकलं. गाडी एकीकडे गेली, मास्तर दुसरीकडे. गठ्ठे जिथे संपत होते तिथे बेकरीची दगडी पायरी होती. भिंगरी हातभर अंतरावरून कशीबशी निसटली. टर्नरचा हात सवयीने वर गेला आणि निशाण हलायला लागलं: पुढे धोका, वेग कमी करा.

पुढच्या फेरीत सगळ्या गाड्या हळू आल्या. भिंगरीने मान वळवून पाहिलं. मास्तर अजून तिथेच पडले होते, डॉक्टर त्यांच्यावर वाकले होते. मग रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली, कुणीतरी रस्त्यावर वाळू टाकून झाडली, आणि निशाण खाली घ्यायचा हुकूम आला.

त्यानंतर भिंगरी आली ती अशी, की टर्नरने तिला तशी कधी पाहिलीच नव्हती. सगळ्यांनी जिथे ब्रेक लावला तिथे तिने लावला नाही. गुडघा रस्त्याला टेकवत ती त्या पायरीजवळून सुसाट निघून गेली.

"वा," टर्नर म्हणाला.

मग त्याला पायाशी पडलेला मास्तरांचा हातमोजा दिसला, आणि स्वतःचीच शिसारी आली.

भिंगरी पहिली आली. दुपारी ती स्वयंपाकघरात पाणी पीत होती तेव्हा इस्पितळातून फोन आला. मास्तर गेले होते. टर्नरने तिला सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि ग्लास दोन्ही हातांत धरून राहिली.

"तू पाहिलं होतंस ना त्यांना?" त्याने विचारलं.

"पाहिलं होतं."

"आणि तरी तिथेच एवढ्या जोरात आलीस?"

"निशाण खाली होतं, दादा."

"मी निशाणाचं विचारत नाहीये."

तिने ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तिथून जाताना डोक्यात काहीच नसतं. मास्तर नव्हते, तू नव्हतास, मीसुद्धा नव्हते. शर्यतीत दोन मिनिटं तसं मिळतं. लाज वाटते मला, पण खोटं कशाला बोलू?"

टर्नरने ग्लास उचलून विसळला. आपल्या तोंडून निघालेला तो शब्द त्याने तिला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मास्तरांच्या घरी गेले. भिंगरीला उंबरठा ओलांडवेना. ती बाहेरच थांबली. मास्तरांच्या बायकोने टर्नरला आतल्या खोलीत नेलं. तिथे वह्यांचा गठ्ठा तसाच होता, अर्ध्या तपासलेल्या.

"तुम्ही तिथे होतात," ती म्हणाली. "कसे चालवत होते?"

टर्नरला खोटं सुचलं नाही. "सुरेख, वहिनी. इतकं सुरेख चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं."

तिने डोळे पुसले, उठून दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे आमच्या मुलीसमोर बोलू नका. तिला ते आवडेल. तीही गाडी मागेल."

पुढच्या वर्षी टर्नरने निशाण हातात घेतलं नाही. भिंगरीने मात्र नाव दिलं. त्याने अडवलं नाही, की दरवर्षीसारखा गाडीच्या तयारीला हातही लावला नाही. शर्यतीच्या सकाळी तो घरीच बसून होता; गाड्यांचा आवाज तिथवर येत होता. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "खिडक्या लावून घेऊ का रे? उगाच जिवाला घोर."

"राहू द्या, काकू," तो म्हणाला. "तिच्या गाडीचा आवाज मला ओळखू येतो."