अक्कांच्या खोलीचं दार

घर बांधायला काढलं की माणसाला जिकडेतिकडे शहाणे लोक भेटू लागतात. मास्तरांना तर दिवसाला चार भेटत. त्यांचं शिलाईचं दुकान ऐन रस्त्यावर, त्यामुळे एक बटण लावून घ्यायला आलेला माणूससुद्धा जाताजाता जिना कुठून काढावा हे सांगून जाई. घराला जिना नव्हताच. मास्तर मान हलवत, "बघतो, बघतो" म्हणत आणि बटण लावून देत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. त्यांच्या बायकोला सगळं गिऱ्हाईक नुसतं ‘बाई’ म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू. दुकानामागच्या दीड खोलीत दोघांचा संसार झाला, मुलगी वाढली, लग्न होऊन लांब गेली. आता साठीच्या तोंडावर, गावाबाहेरच्या एका तुकड्यावर, दोघं चार खोल्यांचं घर बांधत होते. मास्तरांना दुकान सोडवत नव्हतं, म्हणून बांधकामावर बाई जात. गवंडी त्यांना ‘वहिनी’ म्हणायचा, आणि बाई सांगतील तिथे वीट ठेवायचा. निदान तसं दाखवायचा.

दोघांच्या कामाची एक पद्धत होती. मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घेत आणि नेमकं तेवढंच वहीत लिहीत. शिलाईत दबून जाणारं जास्तीचं कापड, ज्याला ते मार्जिन म्हणत, ते मास्तर कधीच धरत नसत. ते काम बाईंचं. कापायला बसल्या की त्या आपल्या मनाने कुठे अर्धा इंच, कुठे दीड इंच वाढवून कात्री चालवत. तीस वर्षांत एकही कपडा तंग झाला नाही. मास्तरांनी बाईंच्या कटिंगवर कधी फिरून टेप लावला नाही. "हिच्या हातून चुकेल तेव्हा दुकान बंद करीन," असं ते चारचौघांत सांगत, आणि बाई वर न बघता म्हणत, "करा की. तेवढीच विश्रांती."

चार खोल्यांतली एक उजेडाची होती. तिच्या खिडकीतून सकाळी ऊन आत यायचं ते दुपारपर्यंत हलायचं नाही. ही खोली कटिंगची, असं पहिल्या नकाशात ठरलं होतं. मधोमध मोठं टेबल, चारी बाजूंनी फिरता येईल असं. बाईंनी आयुष्यभर जमिनीवर बसून, दिवा लावून कापड कापलं होतं. गुडघे कधीचे कुरकुरत होते. त्या टेबलाबद्दल त्या फार बोलत नसत, पण पाया खणला तेव्हा तिथे जाऊन, जिथे टेबल येणार तिथे, उगाचच उभ्या राहिल्या होत्या.

मग अक्कांचे पाय गेले. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनेच धाकट्या भावाला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि कमरेखाली काही हालचाल उरली नाही. गेलं वर्षभर त्या अपंगांच्या एका संस्थेत, चाकांच्या खुर्चीवर होत्या.

"आपण अक्काला घरी आणू या," एके दिवशी जेवताना मास्तर म्हणाले. "उजेडाच्या खोलीत. काय म्हणतेस?"

"आणू या ना," बाई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. इतक्या लगेच, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी घाईघाईने अजून थोडी भाजी वाढून घेतली.

अक्कांनी मात्र अट घातली. दोघं संस्थेत भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी एकदा येऊन बघीन. माझ्या खोलीत मला माझ्या हाताने खुर्ची ढकलत जाता आलं तर राहीन. कुणाला उचलावं लागलं, तर मी परत इथे. मग दुसऱ्यांदा विचारायचं नाही."

"अगं, मी काय परका आहे? मी उचलीन," मास्तर म्हणाले.

"चाळीस वर्षं मी माणसं उचलली. उचललेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते उचलणाऱ्याला दिसत नाही, मला दिसायचं. ते तोंड मला तुला दाखवायचं नाही."

मास्तरांनी तिथल्या तिथे खिशातून टेप काढून खुर्ची मोजली. अक्का त्या वेळी पलंगावर होत्या. एका चाकाच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या कडेपर्यंत सत्तावीस इंच. तीन इंच मोकळीक धरून त्यांनी कागदावर लिहिलं: अक्काचं दार, तीस. आणि सवयीने कागद बाईंच्या हातात दिला.

आठवड्याने गवंड्याने भिंत वर घेतली. "वहिनी, ही तीस भिंतीतली धरायची, की चौकटीच्या आतली?"

बाई तेव्हा विटांच्या ढिगाशी उभ्या होत्या. "कागदावर आहे तेवढं ठेवा," त्या म्हणाल्या. त्या क्षणी त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे आपण मानू या. विटांना कुठे शिलाई असते, असं वाटलं असेल. पण चौकट उभी राहिली, तिच्या दोन्ही बाजूंच्या लाकडांनी अडीच-अडीच इंच खाल्ले, आणि गवंडी जेवायला गेला असताना बाईंनी पिशवीतला टेप काढून आत लावला. पंचवीस.

त्यांनी टेप पुन्हा लावला. पुन्हा पंचवीस. मग टेप गुंडाळून पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन ओढली.

त्याच दुपारी सांगायला हवं होतं. गिलावा व्हायचा होता, चौकट काढणं तासाभराचं काम होतं. पण बाई घरी आल्या, मास्तरांनी विचारलं, "काय झालं आज?" आणि बाई म्हणाल्या, "चौकट बसली." एवढंच. यात खोटं काय होतं? उद्या सांगू, असं मनाशी म्हणाल्या. उद्या गिलाव्याचं साहित्य आलं. परवा गिलावा झाला. मग रंग कोणता द्यायचा यावर दोघांचं दोन दिवस वाजलं आणि भांडणात बाईंना फार बरं वाटलं. गवंड्याला आपोआप कळेल, असं एकदा वाटलं. अक्काच येणार नाहीत, असंही वाटलं. त्या विचाराची त्यांना लाज वाटली, तरी तोंड उघडेना. तीस वर्षांत मार्जिन विसरली नाही ती बाई नेमकी याच दाराला कशी विसरली, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर ऐकायच्या आत उठून भांडी घासायला घेतली. असे पंधरा दिवस गेले.

रविवारी अक्का आल्या. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सकाळपासून तीनदा उंबऱ्याच्या जागचा उतार झाडला होता. गवंडीही मुद्दाम थांबला होता. मोठ्या दारातून खुर्ची सहज आत आली. "वा," अक्का म्हणाल्या, "फरशी चांगली आहे. घसरत नाही." बैठकीची खोली त्यांनी एक चक्कर मारून बघितली आणि उजेडाच्या खोलीकडे वळल्या. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत्ता बोलावं, आत्ता, असं त्यांना वाटत होतं, आणि बोटं नुसती पिशवीची चेन उघडत-मिटत होती.

खट्ट. दोन्ही चाकं चौकटीला लागली.

अक्कांनी मागे घेतली, सरळ केली, पुन्हा ढकलली. खट्ट.

मास्तर धावले. खाली वाकून बघितलं, टेप लावला, आणि तसेच वाकलेले राहिले. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "मीच नीट लिहिलं नाही."

"नाही मास्तर, मी विचारायला हवं होतं पुन्हा," गवंडी म्हणाला. भला माणूस. बाईंना त्याने विचारलं होतं, हे त्याने गिळून टाकलं.

"जाऊ दे रे," अक्का शांतपणे म्हणाल्या. "घर छान झालंय तुमचं. गाडी बोलाव. मी जेवायच्या वेळेपर्यंत तिकडे पोचते."

मास्तर उठले तेव्हा त्यांचं तोंड असं झालं होतं, की बाईंनी ते कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्यांदा आई गमावलेल्या लहान पोराचं तोंड होतं ते.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

कुणाला नीट समजलं नाही.

"चौकट बसली त्याच दिवशी मी मोजलं. पंचवीस आहे ते. पंधरा दिवस मला माहीत आहे. मी बोलले नाही."

 "पंधरा दिवस?" मास्तर म्हणाले. मग सिमेंटच्या एका पोत्यावर बसले. रागावले असते तर सोसलं असतं. ते नुसते हातातला टेप गुंडाळत होते, पुन्हा सोडत होते.

"तुम्ही दोघं जरा बाहेर जा," अक्का म्हणाल्या. "ही राहू दे."

दोघं बाहेर गेले. अक्कांनी खुर्ची वळवून बाईंसमोर आणली.

"ही खोली तुला हवी होती?"

"हो."

"कशाला?"

"कटिंगच्या टेबलाला. उजेड चांगला आहे." आता बाईंचं बोलणं सुरू झालं होतं ते थांबेना. "आणि नुसतं तेवढंच नाही, अक्का. माझं लग्न झालं तेव्हा आठ वर्षं तुम्ही आमच्यात होता. तुमची रात्रपाळी. दिवसभर तुम्ही पडद्याआड झोपायचात. मी दिवसा मशीन चालवली नाही. पोरगी रडली की तिला घेऊन रस्त्यावर उभी राहायची. हसू आलं तर तोंडाला पदर. तुम्ही दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलात तेव्हा मी पहिल्यांदा घरात मोठ्याने खोकले. आता पुन्हा तसं होईल, असं वाटलं मला. वाईट आहे मी. पण वाटलं."

 बाहेर गवंडी मास्तरांना काहीतरी समजावत होता.

"मला झोप लागायची नाही," अक्का म्हणाल्या. "दिवसाची झोप मला कधीच लागली नाही. मी पडद्याआड डोळे उघडे ठेवून पडलेली असायची. तू भांडी एकेक करून ठेवायचीस, आवाज होऊ नये म्हणून. ते सगळं मला ऐकू यायचं. एका शब्दाने सांगता आलं असतं, की चालव गं मशीन, मी जागीच आहे. नाही सांगितलं."

"का?"

"दवाखान्यात रात्रभर मी सगळ्यांसाठी चालायची. इथे कुणीतरी माझ्यासाठी एवढं जपून चालतंय, ते बरं वाटायचं." अक्कांनी आपल्या मांडीवरचे हात बघितले. "तू पंधरा दिवस गप्प राहिलीस. मी आठ वर्षं राहिले. तू तर आज बोललीस तरी. मी आज तू बोललीस म्हणून बोलले."

 बाईंना राग यायला हवा होता, आणि आलाही थोडा. पण त्याच्या आधी रडू आलं. त्या दारातच, चौकटीच्या मधोमध जमिनीवर बसल्या आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. खुर्ची चौकटीत बसत नव्हती, हात पोचत नव्हता. त्या नुसत्या थांबून राहिल्या.

मग अक्कांनी गवंड्याला हाक मारली. "अरे, चौकट काढ ती."

गवंडी छन्नी-हातोडा घेऊन आला. बाई उठल्या, तोंड पुसलं आणि पिशवीतून टेप काढला.

"अक्का, खुर्ची ढकलताना हात जसे धरता तसे धरा."

अक्कांनी चाकांवर हात धरले. त्यांची कोपरं नाही, पण बोटांची हाडं दोन्ही बाजूंना चाकाबाहेर आली. बाईंनी एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत टेप लावला. साडेतीस. मास्तरांनी रिकामी खुर्ची मोजली होती, तिच्यात बसलेलं माणूस नव्हे. चौकटीच्या आत पुरे तीस मिळाले असते, तरी अक्कांची बोटं सोलून निघाली असती.

मास्तर मोठ्या दारात उभे राहून हे बघत होते. टेलरमास्तर माणूस, त्यांच्या कानशिलापर्यंत लाल रंग चढला. "अंगाचं माप घेतलंच नाही मी," ते पुटपुटले. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "चौकटीच्या आत किती धरायचं ते तू सांग. लिहून घेतो."

"छत्तीस," बाई म्हणाल्या, आणि मास्तरांनी लिहून घेतलं. त्यांच्या मनातला सल लगेच गेला असं नाही. पुढे कितीतरी दिवस ते मधेच "पंधरा दिवस?" म्हणणार होते. पण छन्नी त्यांनी स्वतः उचलली, आणि गवंड्याने ती तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या हातातून काढून घेतली, कारण ते चौकट सोडून भिंतच फोडत होते.

चौकट निघाली, एका बाजूची फूटभर भिंत निघाली. गिलाव्याचे तुकडे, चुरा, धूळ. बाईंनी झाडून काढलं, उखडलेल्या जागेवर एक फळी टाकली. दुपार झाली होती. अक्कांनी चाकांवर हात ठेवले आणि स्वतःच्या हाताने खुर्ची ढकलत, कुठेही न अडता, आत गेल्या.

खोलीत ऊन पसरलं होतं. अक्का मधोमध थांबल्या.

"टेबल कुठे यायचं होतं?"

"तुम्ही आहात तिथेच," बाई म्हणाल्या.

अक्कांनी खुर्ची भिंतीकडे मागे घेतली. खिडकी आणि भिंत यांच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजलं. मग म्हणाल्या, "मी आले तर तुला अडचण होईल."

"होईल," बाई म्हणाल्या. "या तुम्ही."