इंजिनाचा नंबर

टॉर्च दातांत धरून ती इंजिनाशेजारी पालथी पडली. लोखंडात कोरलेल्या नंबरावर कागद दाबून धरला आणि वरून पेन्सिल घासायला लागली. एकेक आकडा उमटत गेला तशी ती स्वतःवरच भलती खूश झाली. बोटीच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना असा उतरवलेला नंबर जोडावा लागतो, हे घरात फक्त तिला माहीत होतं. फॉर्म शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच.

पेन्सिल चपटी, लाल, सुतारी होती. दोन वर्षांपूर्वी इथेच, नव्या इंजिनापाशी बाबाला सापडली होती. "ही काय खेळायची जागा आहे?" म्हणून बाबा केवढा ओरडला होता! माझी नाही, माझी नाही म्हणून ती रडकुंडीला आली, तरी कुणाला पटलं नाही. शेवटी तिने ती ठेवूनच घेतली. बोलणी खाल्ली आहेत, तर निदान माल तरी मिळावा.

तिने नोंदणीचं पुस्तक उघडलं आणि टॉर्च तोंडातून पडला.

"बाबा! इथे भलताच नंबर आहे!"

वरच्या झडपेतून बाबाचं डोकं आत आलं. "जुन्या इंजिनाचा असेल."

"म्हणजे इंजिन बदलल्याचं तू कळवलंच नाहीस?"

"त्याला दोन्ही मालकांच्या सह्या लागतात, वकीलसाहेब." डोकं परत वर गेलं.

पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. बोट बाबाच्या आणि काकाच्या नावावर. काका होड्या बांधणारा सुतार. जुनं इंजिन दुरुस्त करू म्हणत होता. बाबाने त्याला न विचारता नवं आणून बसवलं. "या बोटीवर पुन्हा पाय ठेवला तर नाव लावणार नाही," असं धक्क्यावर चारचौघांत सांगून काका गेला तो गेलाच. तेव्हापासून एकाच गल्लीत दोघे भाऊ एकमेकांना बघून रस्त्याची कड बदलायचे.

आणि नोंदणी आज संपत होती. परवापासून मासेमारी सुरू. कागद नसेल तर सगळ्या बोटी जाणार आणि यांची धक्क्याला बसून त्यांच्या पाठी बघणार.

"मी विचारते काकाला."

"काही नको. ऑफिसात हातापाया पडू."

ऑफिसातल्या कारकूनबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. बाबाने घसा साफ केला.

"मॅडम, भाऊ बाहेरगावी असतो हो. त्याची सही म्हणजे..."

"आज सकाळीच बघितलं मी त्यांना. दूध घेऊन चालले होते."

ती फिसकन हसली. बाबाने तिला कोपर मारलं. बाईंनी कपाटातून फाइल ओढली, दोन पानं उलटली.

"आणि बदलाचा अर्ज तर आलेला आहे की! दोन वर्षं झाली. त्यांची सही आहे, तुमची नाही, म्हणून अडकलाय. तीन पत्रं पाठवली तुम्हाला."

बाबा पंख्याकडे बघायला लागला. सरकारी पाकीट आलं की तो ते न फोडताच टीव्हीखाली सरकवायचा.

बाईंनी फाइल वळवून पुढे केली. अर्जाला एक कागद टाचलेला होता. पेन्सिलीने घासून उतरवलेला नंबर. रुंद, चपट्या रेघा. नंबर नव्या इंजिनाचा. तारीख भांडणानंतर आठच दिवसांची. खाली काकाची वळणदार सही.

"बघ!" तिने उडीच मारली. "पेन्सिल माझी नव्हती! सांगत होते ना मी! बघ, आता तरी..."

तिचं लक्ष बाबाच्या चेहऱ्याकडे गेलं आणि उरलेलं तोंडातच राहिलं.

बाबा त्या कागदावरून अंगठा फिरवत होता. अंगठा काळा झाला तरी फिरवत होता.

"बोटीत उतरला होता," तो म्हणाला. तिला नाही, बाईंनाही नाही.

"सही करताय ना?" बाई म्हणाल्या. "जेवणाची सुट्टी होईल."

त्याने सही केली. नूतनीकरणाच्या अर्जावरही केली. बाईंनी दोन्हींवर शिक्के हाणले. बाहेर पायरीवर आल्यावर ती शिक्क्याची शाई फुंकून वाळवत होती, तेवढ्यात बाबाने हात पुढे केला.

"ती पेन्सिल दे इकडे."

"का? मला लागते!"

"तुझी नाही म्हणालीस ना?"

तिने दिली. बाबाने ती शर्टाच्या खिशात नीट उभी खोचली. घर डावीकडे होतं. उजवीकडून, होड्यांच्या कारखान्यातून, रंध्याचा आवाज येत होता.

बाबा उजवीकडे वळला.